मॅप न लावता मराठवाड्यात गाडी कशी चालवायची

एप्रिल-मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर लावलेला मोबाईल दुपारी बारानंतर तापतो आणि स्वतःहून बंद पडतो. बालाघाटाच्या दऱ्यांमध्ये आणि किनवट-माहूरच्या जंगलात रेंज जाते. पावसाळ्यात तर मॅप ‘जवळचा रस्ता’ म्हणून थेट पाणंदीत नेऊन घालतो, आणि काळ्या मातीत गाडी रुतल्यावर मदतीला माणूस मिळत नाही. म्हणून मॅपशिवाय रस्ता काढता यायला हवा. त्यासाठी अंगात वेगळं कसब लागत नाही. सवय लागते, आणि ती चार-सहा फेऱ्यांत होते.

सगळ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे: गाडीवर असताना कुठल्याही क्षणी दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. शेवटची पक्की खूण कोणती होती, आणि पुढची खूण किती किलोमीटरवर यायला हवी. यातली एक जरी सांगता येत नसेल तर गाडी बाजूला घ्या. रस्ता चुकणं हे दोन मिनिटांचं काम असतं. नुकसान होतं ते चुकलेलं वीस किलोमीटरनंतर कळल्यामुळे.

पायरी १ : आधी मोठा नकाशा डोक्यात बसवा

घरून निघण्याच्या आदल्या रात्री अर्धा तास काढा. मराठवाड्याचा सांगाडा सोपा आहे. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट, आणि मधून पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारी गोदावरी. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी आणि हिंगोली ही शहरं गोदावरीच्या उत्तरेला. बीड, धाराशिव, लातूर दक्षिणेला. नांदेड थेट काठावर. गोदावरी तुमच्या नकळत ओलांडली जात नाही, कारण ती पुलावरूनच ओलांडावी लागते आणि मोठे पूल मोजके आहेत: पैठण, शहागड, ढालेगाव, गंगाखेड, नांदेड. जालन्याहून बीडला जाताना शहागडचा पूल आला नाही, तर तुम्ही अजून उत्तरेलाच आहात हे नक्की.

मग तीन महामार्ग पाठ करा. ५२ क्रमांकाचा कन्नड, संभाजीनगर, गेवराई, बीड, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरकडे उतरतो. ६१ क्रमांकाचा पाथर्डीकडून येऊन माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड असा आडवा जातो. ३६१ तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढे वारंगा फाट्यावरून विदर्भात शिरतो. हे आकडे २०१० साली झालेल्या नव्या क्रमांकनातले आहेत, आणि त्यात दिशा लपलेली आहे. दोन अंकी सम आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण रस्ता, विषम म्हणजे पूर्व-पश्चिम. तीन अंकी आकड्यातले शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे, म्हणजे ३६१ ही ६१ची शाखा. बीडजवळ वाट चुकून ‘६१’ची पाटी दिसली, तर तुम्ही आडव्या रस्त्यावर आलात एवढं तरी लगेच कळतं.

समृद्धी महामार्ग नकाशावरून मनातल्या मनात पुसून टाका. त्यावर दुचाकीला परवानगी नाही. जालना-संभाजीनगर भागात तो फक्त ‘याच्या खालून गेलो’ अशी खूण म्हणून कामाचा.

नकाशा कोणता घ्यावा? भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे अतिशय तपशीलवार असतात, पण त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. १०० किलोमीटरच्या फेरीला दोन मीटर लांब कागद होतो. एका पत्रकात जेमतेम सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा चौकोन मावतो. डोंगरातल्या एखाद्या तुकड्यासाठी तो उत्तम, रोजच्या फेरीसाठी नाही. जिल्ह्याचा रस्ते-नकाशा घ्या. त्यात प्रमुख जिल्हा मार्ग आणि मोठी गावं दिसली की पुरे.

पायरी २ : टाकीवरची चिठ्ठी

नकाशा गाडीवर वाचायचा नसतो. तो घरी वाचायचा आणि त्यातून चिठ्ठी काढायची. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त आठ ओळी, अक्षर एक सेंटिमीटर उंच, काळा पर्मनंट मार्कर. जेल पेनची शाई पहिल्या सरीत पसरते. चिठ्ठी पारदर्शक प्लास्टिकमध्ये घालून पेट्रोलच्या टाकीवर चिकटपट्टीनं लावा. स्कूटर असेल तर मीटरच्या खाली. पुढच्या टप्प्याच्या चिठ्ठ्या खिशात क्रमानं ठेवा.

ओळी खालून वर लिहा. तुम्ही पुढे जाता तसा डोळा वर सरकतो आणि डावं-उजवं उलटं होत नाही. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: किलोमीटरचा आकडा, जागेचं नाव, वळणाचा बाण, आणि चुकलात तर समोर येईल ते गाव. ही चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि वाट चुकल्यावर तीच सगळ्यांत लवकर सावध करते.

उदाहरणार्थ बीड ते अंबाजोगाई. पहिल्या ओळीला ‘बीड बायपास, पाली तलाव’. दुसरीला ‘मांजरसुंबा, घाट चढल्यावर चौक, डावा बाण, पुढे नेकनूर’. तिच्यापुढे लाल शाईनं: ‘चौसाळा = सरळ गेलो, लिंबागणेश = उजवीकडे गेलो’. मग नेकनूर, मस्साजोग, केज. केजनंतर जपून, कारण या रस्त्यावर दोन सावरगावं आहेत. आधी चंदनसावरगाव, नंतर लोखंडी सावरगाव. चिठ्ठीवर नुसतं ‘सावरगाव’ लिहिलं, तर पहिल्याच सावरगावात ‘अंबाजोगाईकडे कुठून’ म्हणून थांबाल आणि हिशोब बिघडेल. किलोमीटरचे आकडे मात्र स्वतः नकाशावरून भरा. तुमचा बीडमधला निघण्याचा चौक कोणता, यावर ते बदलतात.

वळणासाठी शब्दांपेक्षा ठिपका-बाण बरा. खाली ठिपका म्हणजे आपण येतो ती बाजू, तिथून रस्त्याची रेघ, आणि जिकडे जायचं तिकडे बाण. न घ्यायचे रस्ते बारीक रेघेनं. ताशी पन्नासच्या वेगात डोळा चिठ्ठीवर एका सेकंदापेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि चित्र तेवढ्यात वाचून होतं.

पायरी ३ : मीटर खरं बोलतोय का ते तपासा

चिठ्ठीवरचे आकडे मीटरवर विसंबून असतात. हवा योग्य भरलेली असताना सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांच्या आधारे बरोबर १० किलोमीटर चालवा. मीटर १०.४ दाखवत असेल, तर १०० किलोमीटरच्या टप्प्याला मीटरवर १०४ येणार, हे गृहीत धरून आकडे लिहा. टायर बदलला की पुन्हा तपासा. ट्रिप मीटर (फेरीपुरतं अंतर मोजणारा, शून्य करता येणारा मीटर) नसेल तर निघतानाचा आकडा चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहा आणि पुढचे सगळे आकडे त्यात मिळवूनच लिहा. चालत्या गाडीवर बेरीज-वजाबाकी करायला लागू नये.

नियम सोपा ठेवा: दोन खुणांतलं अंतर १२ किलोमीटर असेल आणि १५ झाले तरी खूण दिसली नाही, तर थांबायचं. ‘अजून एक वळण बघू’ म्हणायचं नाही.

पायरी ४ : रस्त्याच्या कडेचं वाचन

किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याचा रंग आधी बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, काळा किंवा निळा जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला. राज्यमार्गावरून जात असताना अचानक नारिंगी दगड लागला, तर मागच्या फाट्यावर चुकलात, हे गावाचं नाव वाचण्याआधीच कळतं. दर पाचवा दगड मोठा असतो. मधले छोटे दगड २, ४, ६, ८ असे असतात, म्हणजे दर २०० मीटरला एक. नव्या चौपदरी रस्त्यांवर दगडांच्या जागी पाट्या आल्या आहेत, पण आकडे तेच सांगतात.

बांधकाम विभागाच्या पाट्यांवरची अक्षरं ओळखून ठेवा. ‘रामा’ म्हणजे राज्यमार्ग, ‘प्रजिमा’ प्रमुख जिल्हा मार्ग, ‘इजिमा’ इतर जिल्हा मार्ग, ‘ग्रामा’ ग्रामीण मार्ग. प्रजिमापर्यंत डांबराची खात्री बऱ्यापैकी धरता येते. इजिमावर पावसाळ्यात विचारून जा.

दिशादर्शक फलक पुष्कळदा वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकलेले असतात. अशा वेळी गावाचं नाव हमखास मिळण्याची जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. तिच्या भिंतीवर गाव, तालुका आणि जिल्हा, तिन्ही रंगवलेले असतात. दुकानावरची नावं फसवतात. ‘बीड मोटर्स’ लातुरातही असू शकतं. शाळा दिसली नाही तर ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, वीज उपकेंद्राची पाटी बघा.

गावाच्या नावापुढचं ‘बु.’ आणि ‘खु.’ सोडू नका. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. ही दोन गावं कधी ओढ्याच्या दोन काठांवर असतात, कधी चार-पाच किलोमीटर लांब. पिंपळगाव, बोरगाव, वडगाव ही नावं तर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ती तालुक्यासह लिहा. जिल्ह्यांची नावंही जुन्या पाट्यांवर औरंगाबाद, उस्मानाबाद अशी दिसतील आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. दोन्ही ओळखता यायला हवीत.

रेल्वे स्टेशनच्या नावानं फसणारे पुष्कळ. ‘लातूर रोड’ स्टेशन चाकूरजवळ आहे, लातूरपासून तीसेक किलोमीटरवर. ‘मानवत रोड’ म्हणजे मानवत गाव नव्हे. नावात ‘रोड’ आलं की गाव बाजूला आहे, असं समजा.

लांबून दिसणाऱ्या खुणाही जमेस धरा: परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या, देवगिरीचा डोंगर, बालाघाटाच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या. पण शेतातली खूण कधीच धरू नका. श्रावणात मोकळं दिसलेलं वळण कार्तिकात तुरीनं आणि उसानं असं झाकलं जातं की फाटाच सापडत नाही.

पायरी ५ : दिशा कशी ओळखायची

सकाळी दक्षिणेला, समजा बीडकडे निघालात, तर ऊन डाव्या खांद्यावर आणि गाडीची सावली उजवीकडे. संध्याकाळी उलट. निघतानाच सावली कुठे पडते ते बघून ठेवा, मोठं वळण झालं की पुन्हा बघा. डिसेंबरात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्व आणि आग्नेय यांच्या मधोमध उगवतो. जूनमध्ये तो तेवढाच ईशान्येकडे सरकलेला असतो.

दुपारी मात्र सूर्यावर भिस्त ठेवू नका. मराठवाडा साधारण १८ ते २० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा चक्क किंचित उत्तरेला असतो. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची जी युक्ती पुस्तकांत असते, ती या काळात इथे साफ चुकते. ती नोव्हेंबर ते जानेवारी वापरा, आणि तेव्हाही आपल्याकडे मध्यान्ह साडेबाराच्या आगेमागे होते हे धरून घड्याळ अर्धा तास मागे समजा.

ढगाळ दिवशी छपरांकडे बघा. टीव्हीच्या डिश अँटेना आपल्याकडे आग्नेय अंगाला तोंड करून असतात, कंपनीनुसार थोड्या पूर्वेला किंवा थोड्या दक्षिणेला. उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड केलेली चालू डिश सापडणार नाही. चार-पाच घरांच्या डिश बघून सरासरी धरा. मशिदीची किब्ल्याची भिंत, म्हणजे जिच्याकडे तोंड करून नमाज पढतात ती, पश्चिमेला असते, किंचित उत्तरेकडे झुकलेली. बहुतेक देवळांचं दार पूर्वेला असतं, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. औंढा नागनाथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, आणि नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे.

होकायंत्र ठेवायचं असेल तर पन्नास-शंभर रुपयांचं साधं चालतं. फक्त ते गाडीवर वाचू नका. टाकीचं लोखंड आणि टँक बॅगेतलं चुंबक काटा ओढतात. गाडीपासून पाच-सहा पावलं लांब जा, तळहातावर आडवं धरा, काटा थांबू द्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात नगण्य आहे, दुरुस्ती करायची गरज नाही.

अंधार पडलाच तर ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो, हात लांब करून मूठ धरली तर. झाडामागे सहज लपतो. सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा या तारकासमूहांवरून तो शोधता येतो, पण रात्री अनोळखी रस्त्यानं जाऊच नये हे बरं. ऊसतोडीच्या दिवसांत दिवे नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात.

पायरी ६ : विचारणं

विचारण्यात कमीपणा नाही, पण पद्धत आहे. ‘हा रस्ता केजला जातो ना?’ असं विचारलं की समोरचा माणूस भिडेनं ‘जातो की’ म्हणतो. आणि जातोही, चाळीस किलोमीटरच्या फेऱ्यानं. विचारायचं ते असं: ‘मामा, केजला कुठून जायचं?’ म्हणजे त्याला दिशा सांगावीच लागते. पंधरा किलोमीटरपलीकडचं गाव विचारू नका. चिठ्ठीवरचं पुढचं गाव विचारा. मग दुसरा प्रश्न: ‘मध्ये कोणती गावं लागतील?’ उत्तरातली दोन नावं चिठ्ठीशी जुळली तर पक्कं. आणि तिसरा: ‘गाडी जाते का, पूल आहे का?’

कोणाला विचारावं? पंक्चरवाला, पेट्रोल पंपावरची पोरं, एसटीचे चालक-वाहक, दूध संकलनाच्या गाड्यांवरचे लोक. हे रोज रस्त्यावर असतात. शेतातल्या माणसाला गावाजवळची वाट अचूक माहीत असते, त्यामुळे शेवटच्या पाच किलोमीटरसाठी तोच योग्य. हेल्मेट काढून, इंजिन बंद करून विचारा. काका, मामा, दादा, मावशी म्हणून विचारलं की माणूस हातातलं काम ठेवून नीट सांगतो.

उत्तराची भाषाही समजून घ्या. लातूर-धाराशिवकडे फाट्याला ‘पाटी’ किंवा ‘मोड’ म्हणतात, म्हणजे ‘लामजना पाटीवरून वळा’ म्हटलं तर ती फलकाची नव्हे, फाट्याची गोष्ट आहे. ‘उगवतीला’ म्हणजे पूर्वेला, ‘मावळतीला’ पश्चिमेला. ‘वरच्या अंगाला’ हे उताराच्या किंवा ओढ्याच्या वरच्या बाजूला, उत्तरेला नव्हे. ‘कोसभर’ म्हणजे साधारण तीन किलोमीटर. ‘हे काय, जवळच’ याला अंतर नसतं. ‘गाडीवर किती मिनिटं?’ विचारा.

शहरातून बाहेर पडणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण दर दोनशे मीटरला वळण असतं आणि मीटर काही सांगत नाही. शक्य तिथे बायपास घ्या. शहरात शिरलातच तर अंतिम गाव विचारू नका, नाका किंवा रोडचं नाव विचारा: ‘जालना रोड कुठे लागेल?’, ‘बार्शी नाका कुठे?’ संभाजीनगरच्या जुन्या दरवाज्यांची नावंही अशीच बाहेर पडायची बाजू सांगतात. दिल्ली गेट उत्तरेला, पैठण गेट दक्षिणेला, मक्का गेट पश्चिमेला. आणि एक घोळ आधीच मिटवा: संभाजीनगरात ‘बीड बायपास’ म्हणतात तो संभाजीनगरचाच बायपास, बीड शहराचा वेगळा.

बाहेर पडल्यावर पहिला किलोमीटरचा दगड वाचेपर्यंत वेग वाढवू नका. इथेच ट्रिप मीटर शून्य करा.

चुकलात तर

गाडी सावलीत उभी करा, पाणी प्या, मीटरचा आकडा लिहा. शेवटच्या पक्क्या खुणेपासून किती आलो ते काढा. ते दहा किलोमीटरच्या आत असेल, तर त्याच वाटेनं मागे फिरा. ‘पुढून कुठून तरी निघेल’ म्हणून आडवाट धरलीत की दोन अनोळखी रस्ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. दहाच्या वर असेल तर जवळच्या शाळेवर गावाचं नाव वाचा, नकाशात ते शोधा, आणि जवळचा राज्यमार्ग गाठा. मोबाईल बंद करून पिशवीत ठेवलेला असू द्या. अपघात झाला तर ११२ लावायला त्यात बॅटरी हवी.

पावसाळ्यासाठी वेगळं

चिठ्ठीवर प्रत्येक ओढ्याला खूण करा आणि तिथे उंच पूल आहे की फरशी (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल), हे आधी विचारून ठेवा. फरशीवरून पाणी वाहत असेल आणि खालचा डांबरी पृष्ठभाग दिसत नसेल, तर थांबा. कडेचे दगड वाहून गेलेले वरून कळत नाहीत. पाणी ओसरायला दोन-तीन तास लागतात. पर्यायी रस्ता उंच पुलावरूनच निवडा, मग तीस किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल.

काळ्या मातीत पाणंदीनं पन्नास मीटर गेलात तरी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये थापली जाते. आधी गाडी जड वाटते, मग पुढचं चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं. रेस देऊन उपयोग होत नाही, त्यानं क्लचप्लेट जळतात. उतरा, काडीनं किंवा पान्याच्या टोकानं माती काढा, गाडी ढकलत डांबरावर आणा. पिशवीत एक फूटभर लाकडी पट्टी या कामासाठीच ठेवा.

पहिला सराव

लांब जाण्याआधी ऐंशीएक किलोमीटरचा गोल करा, जिथे चुकलात तरी घर जवळ आहे. संभाजीनगरकरांना दौलताबाद, खुलताबाद, फुलंब्री आणि परत, असा गोल चांगला. आठवड्यानं तोच गोल उलट्या दिशेनं करा. तोच फाटा दुसऱ्या बाजूनं येताना ओळखूच येत नाही, हे पहिल्यांदा तिथेच कळतं. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक फाट्यावर वळल्यावर थांबून मागे वळून बघा आणि त्या बाजूनं काय दिसतं ते चिठ्ठीच्या मागच्या पानावर लिहा: लिंब, टपरी, विजेचा जोडखांब. परतीची चिठ्ठी तिथूनच तयार होते.